गारठलेले कोंब

लग्नानंतर मी बहरीनला निघाले तेव्हा निफाडच्या आमच्या मळ्यात द्राक्षांची काढणी चालू होती. नाना, माझे वडील, हातातली कात्री खाली न ठेवताच बांधापर्यंत आले. "पोचलीस की फोन कर," एवढंच म्हणाले आणि परत वेलींत शिरले. गाडीत मी आईजवळ चिडून रडले. "त्यांना घडांपुढे लेक दिसत नाही!"

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. तिथल्या उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमध्ये संसार मांडला, बँकेत नोकरी धरली. द्राक्षं सुपरमार्केटातून आणायची सवय झाली. आमची इरा इथेच जन्मली. तिला मराठी समजतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. त्यामुळे आजोबांशी तिचं बोलणं दोन वाक्यांत खलास. "कशी आहेस गं?" "फाइन, नाना." पुढे मी.

तीच इरा शेतीचं शिक्षण घेऊन जर्मनीत गेली. नदीकाठच्या उभ्या चढावरची बाग, रीसलिंग आणि पिनो न्वारच्या वेली, सगळी वाइनची द्राक्षं. नाना नाराज झाले. "खायची सोडून दारूची द्राक्षं?" मग त्यांनीच विचारलं, "तिकडे छाटणी कधी करतात?" मी इराला विचारून सांगितलं, वर्षातून एकदाच, ऐन थंडीत. "बरंय त्यांचं. तिथं वेल झोपते. आपली झोपतच नाही, म्हणून दोनदा छाटायची."

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मी ऑफिसला निघाले होते. पार्किंगमध्ये पोचते तोच इराचा फोन आला. ती हुंदके देत होती. बागमालकाने वेलींच्या काही ओळी त्या वर्षी पहिल्यांदाच तिच्या एकटीवर सोपवल्या होत्या. पहाटे पारा शून्याखाली गेला आणि नुकते फुटलेले कोंब काळे पडले. "ममा, एव्हरीथिंग इज डेड."

इतक्या वर्षांत मी वेलीला हात लावला नव्हता. नानांना फोनवर जोडून घेतलं.

त्यांनी आधी तिचं रडणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिला सांग, कोंबाच्या बुडाशी काडी जराशी खरवड. आत हिरवी आहे का?"

मी इंग्रजीत सांगू लागले, पण तिकडे खरवडल्याचा आवाज आधीच सुरू झाला होता.

"हिरवी आहे, नाना," इरा म्हणाली. मराठीत.

"मग वेल जिवंत आहे, बाळा. जळालेल्या कोंबाशेजारी दुसरा डोळा असतो. तो फुटेल. घड कमी देईल, पण फुटेल. आत्ता काही तोडू नकोस. पंधरा दिवस नुसतं बघ."

"आणि नाही फुटला तर?"

"तर मला फोन कर. मी आहे ना."

मी गाडीच्या दाराला टेकून उभी होते. मला हेवा वाटला. लेकीचा की वडिलांचा, ते ठरवता आलं नाही.

डोळे फुटले. सगळे नाही, पण पुष्कळ. पीक निम्म्यालाही पोचलं नाही, तरी मालकाने त्या ओळी इराकडेच ठेवल्या. नाना अजून म्हणतात, दारू ती दारूच. पण घडांत साखर किती भरली, ते दर आठवड्याला विचारतात. मला नाही, तिलाच. आता ते दोघं परस्पर बोलतात आणि इरा मला नानांच्या बोलीत सांगते, "ममा, इकडे लई थंडी आहे."

ऑफिसात कुणी विचारलं, रिटायर झाल्यावर कुठे जाणार, तर पूर्वी मी पटकन निफाड म्हणायचे. आता अडखळते. नाना तिकडे, लेक त्या थंडीत, आणि मी मधल्या या बेटावर.

गेल्या शुक्रवारी नानांना फोन केला. "इराला ताप होता दोन दिवस," ते म्हणाले. "उतरला आता. तुला घोर नको म्हणून बोललो नाही."

पोटच्या पोरीची खुशाली मला निफाडहून कळत होती. राग यायला हवा होता. पण मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि निवांत जेवायला बसले.