जिन्यातला फोन

माझ्या मावशीला रेडिओची आवड कधीच नव्हती. सगळी नोकरी तिने एका मोठ्या इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती आणि निवृत्तीनंतर तिला फक्त कुणी काही विचारायला नको होतं. पण माझ्या वडिलांनी चार मित्र जमवून गावासाठी एक लहानसं रेडिओ केंद्र काढलं होतं. जाहिराती नाहीत, नफा नाही, श्रोत्यांच्या वर्गणीवर कारभार, आणि काम करणारे सगळे बिनपगारी.

"ताई, सकाळच्या वेळेला फोन घ्याल का?" वडिलांनी विचारलं. "तुम्हाला माणसं सांभाळायची सवय आहे."

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून मावशी हो म्हणाली. पुढची कितीतरी वर्षं ती त्या एका शब्दाबद्दल स्वतःला बोल लावत होती.

केंद्र एका बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवर होतं. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, दाराला जाड ब्लँकेट टांगलेलं. तरी फोनची घंटा आत ऐकू जायचीच. मग फोन जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या पिंपाशेजारी हलवला. मावशी घरून एक खुर्ची घेऊन आली आणि तिथे बसू लागली. वर जाणारा प्रत्येक जण तिच्या गुडघ्यांना धडकायचा आणि वर "बसा, बसा" म्हणायचा.

सुरुवातीला केंद्रावर जुनी गाणी लागत. फोन करणाऱ्यांत सगळ्यात चिवट एक निवृत्त शिक्षक होते. जन्मभर भूमिती शिकवलेली, म्हणून त्यांना सगळे भूमितीचे सर म्हणत.

"रोज तीच ती रडकी गाणी," सर म्हणायचे. "माणसाच्या डोक्याला काही खाद्य द्याल की नाही?"

"कमिटीला सांगते," मावशी म्हणायची, आणि खरंच सांगायची.

कमिटीत माझे वडील, दातांचे एक डॉक्टर आणि एक वकीलबाई. त्यांनी ते मनावर घेतलं. गाणी बंद केली आणि दिवसभर आरोग्य, कायदा, मुलांचं संगोपन यांवर व्याख्यानं लावली. हे मावशीला सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती नेहमीप्रमाणे सकाळी जिना चढली तेव्हा फोन आधीच बोंबलत होता.

"गाणी कुठे गेली हो?" एक बाई विचारत होत्या.

"मलाही आत्ताच कळतंय," मावशी म्हणाली.

पाठोपाठ सर. "बाई, सकाळी सकाळी मूळव्याध? या वेळी माणूस चहा पितो."

"सर, डोक्याला खाद्य द्या असं तुम्हीच म्हणाला होतात."

"डोक्याला म्हणालो होतो."

मावशीने रिसीव्हर ठेवला आणि पिंपातलं पाणी प्यायली. त्या दिवशी ती इतकं पाणी प्यायली की वरच्या मंडळींसाठी उरलंच नाही, असं ती नंतर जरा समाधानाने सांगायची.

व्याख्यानांनी वर्गणी आटली. मग कमिटीला साक्षात्कार झाला की तरुण मंडळी ऐकत नाहीत म्हणून सगळं अडलंय. व्याख्यानं गेली, धडधडणारी नवी गाणी आली. आता जिन्याचा कठडासुद्धा थरथरायचा. मूळव्याधीला नाकं मुरडणारे तेच लोक फोन करून विचारू लागले, व्याख्यानवाले डॉक्टर कुठे गेले? एका गृहस्थांनी पथ्याचा अर्धाच भाग ऐकला होता. काय खायचं नाही ते त्यांना कळलं होतं, काय खायचं ते दुसऱ्या दिवशी सांगणार होते. ते बिचारे उपाशी असल्यासारखे बोलत होते.

संध्याकाळी मावशी आमच्याकडे आली आणि चपलाही न काढता आईला म्हणाली, "तुझा नवरा निर्णय घेतो आणि शिव्या मी खाते."

वडील पेपर वाचत होते. "ताई, फोन येतायत याचा अर्थ लोक ऐकतायत."

"मला ऐकतायत, भावोजी. तुम्हाला नाही."

वडील हसले. ते हसायला नको होतं, असं आई अजून म्हणते.

पुढच्याच आठवड्यात कमिटीची बैठक होती. विषय अर्थातच नवा बदल. आता दिवसभर नुसती शांत सतार आणि बासरी लावायची, मध्ये कुणी अवाक्षर बोलायचं नाही. बोलणंच नसेल तर तक्रार कसली होणार, असं डॉक्टरांचं म्हणणं. इतक्यात ब्लँकेट बाजूला सारून मावशी आत आली. तिने फोनला लांब वायर जोडून घेतली होती. तो तिने कागद बाजूला करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे काय, ताई?" वडील म्हणाले.

"कमिटीला सांगते, सांगते म्हणून माझी जीभ झिजली. आता कमिटी इथेच बसली आहे. लोकांना थेट बोलू दे."

ती खिडकीपाशी जाऊन बसली. फोन वाजला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी डॉक्टरांनी उचलला. पथ्यवाले गृहस्थ होते. डॉक्टर दातांचे, त्यांना पथ्याचं काय ठाऊक, पण नाही म्हणण्याचा धीर होईना. आरोग्याचं व्याख्यान पुन्हा सुरू करतो, असं त्यांनी कबूल करून टाकलं. पुढचा फोन वकीलबाईंनी घेतला. पलीकडे एक कॉलेजातली मुलगी होती; धडधडती गाणी काढली तर वर्गणी बंद, असं तिने ठणकावलं. न्यायाधीशासमोर न डगमगणाऱ्या वकीलबाई "नाही काढत, बाळा" म्हणाल्या. वडिलांच्या वाट्याला भूमितीचे सर आले. वडिलांचा चहा गार झाला, साय धरली, तरी सर संपेनात. त्यांना जुनी गाणी परत हवी होती. वडिलांनी तीही दिली.

बैठक उठली तेव्हा ठरलं काहीच नव्हतं, पण दिवसातला प्रत्येक तास कुणाला ना कुणाला देऊन झाला होता. सकाळी जुनी गाणी, मग व्याख्यान, दुपारी धडधड, उरलेल्या संध्याकाळी कमिटीची सतार, अशी गोधडी तयार झाली. मावशीने कुणालाही टोमणा मारला नाही. आपली खुर्ची उचलली, जिना उतरली आणि घरी गेली. वडिलांनी दोनदा जाऊन विनवलं, तिने दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. मग फोन परत जिन्यात गेला आणि कमिटीने त्याची आपसात पाळी लावून घेतली. तेव्हापासून बदलाची गोष्ट कुणी काढत नाही. ज्याने काढावी त्याला बाकीचे दोघे जिन्याकडे बोट दाखवतात.

मावशीला मात्र पुरती सुटका मिळाली नाही. तिचा आवाज गावाला पाठ झालाय. परवा ती दुकानात वांगी निवडत होती, भाव विचारला, तर मागच्या बाई लगेच म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवाल्या ना? ती सतार फार लवकर संपवतात हो."

मावशीने वांगी परत टोपलीत टाकली आणि त्या बाईंना आमच्या घरचा नंबर दिला. मग भाजी न घेताच निघून गेली. हल्ली आमच्याकडेही सारखा फोन वाजतो. आई तो उचलत नाही.