बालीच्या फुटपाथवर आईनं उचललेली फुलं

लातूरकरांनो, माझं काळीज अजून धडधडून राहिलंय!

सकाळी बालीत आईला समुद्र दाखवायला निघालो. फुटपाथवर प्रत्येक दुकानापुढं पानाचे छोटे द्रोण होते, त्यात फुलं अन् उदबत्ती. मी फोटो काढेपर्यंत आईनं सात दुकानांपुढचे द्रोण पदरात भरले!

"निर्माल्य लोकांच्या पायाखाली येऊन राहिलंय. समुद्रात सोडू."

तेवढ्यात एक दुकानवाली बाई ओरडतच बाहेर आली. मोबाईलवर भाषांतर केलं तेव्हा कळलं, ती त्यांची आत्ताची पूजा होती! इथं ती जमिनीवरच मांडतात.

आईनं हात जोडले, एकेक द्रोण परत ठेवला. बाई हसली.

पण आई उठेना. "कुणाचा पाय पडंल" म्हणत दोन तास झाले राखण करत बसलीय.

समुद्र समोर दिसून राहिलाय. हिला कसं उठवू, सांगा की!