ट्वायलाची दुखरी बाजू

ट्वायला मॅब्री आमच्या बेलक्रीकच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करते. बरा करते. तिचा मक्याचा पाव एखाद्या दिवशी खिडकीची काच फोडेल, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. पण सकाळी बस आली की ती जेवणघराच्या दारात उभी राहते आणि नाश्त्याला येणाऱ्या प्रत्येक पोराला पोटाशी घट्ट धरते. पोरं डोक्याला पीठ लावून वर्गात जातात. माझ्या दोन्ही मुली तशाच पीठ लावून मोठ्या झाल्या.

मी शाळेच्या कचेरीत बसते. फोन, उशिरा आलेली मुलं, ताप आलेली मुलं, सगळं माझ्यासमोरून जातं. म्हणून गावात मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या मंडळाने सगळ्या गावाची सभा घेतली. शेरीफची, म्हणजे आमच्या पोलिसांची, कचेरी आमच्यापासून पंचेचाळीस मिनिटांवर आहे, आणि रस्त्यात गुरांचे ट्रक लागले तर तासावर. दूरच्या कुठल्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली की दोन दिवस आया पोरांना स्वतः शाळेच्या दारापर्यंत सोडायला येतात. तर ठरलं असं, की परवाना असलेल्या आणि नेमबाजीचं प्रशिक्षण घेतलेल्या काही मोठ्या माणसांनी शाळेत पिस्तूल बाळगायचं. कोणी, ते फक्त मुख्याध्यापक टिडवेल, मंडळ आणि शेरीफ यांना ठाऊक. मी बाजूने हात वर केला. गणिताच्या बाईंनी विरोधात केला. नंतर आम्ही दोघी एकाच गाडीतून घरी आलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण चारशे वस्तीच्या गावात मूठ झाकणार कुठे? ऑगस्टमध्ये शाळा उघडली आणि जो तो दुसऱ्याची कंबर न्याहाळू लागला. फुटबॉलचे कोच डॅरेल रखरखत्या उन्हात जाकीट घालून आले, तेव्हा गावाने निकालच लावून टाकला. बिचारे अंगावर उठलेलं पुरळ झाकत होते.

ट्वायलाचा संशय कुणालाच आला नाही. खरं तर तिचाच यायला हवा होता. ही बाई परसातला खुळखुळ्या साप चाळीस पावलांवरून एका गोळीत संपवते आणि हात धुऊन पुन्हा पीठ मळायला बसते. त्या उन्हाळ्यात ती आठवडाभर अमरिलो शहरात ‘बहिणीकडे’ गेली होती. तिची बहीण त्याच आठवड्यात मला आमच्याच गावातल्या दुकानात भेटली होती. एवढं डोळ्यांसमोर घडूनही माझी ट्यूब पेटली नाही, आणि म्हणे मी भोचक!

मला दिसलं ते वेगळंच. ट्वायला मिठी मारेनाशी झाली. पोर धावत आलं की अंग चोरायची, डोक्यावर नुसता हात ठेवायची. पहिलीच्याही आधीच्या वर्गातली जोसी मात्र कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही. ती सरळ जाऊन आदळली आणि कपाळ चोळत मागे झाली.

“मिस ट्वायला, तुमच्या ॲप्रनखाली काय आहे? केवढं टणक!”

“अगं, ते... पट्टा आहे. कमरेचा. पाठ दुखते ना माझी.”

मी दारातच होते. म्हटलं, अरे देवा, म्हणून ही अशी अवघडून चालते होय! त्याच संध्याकाळी मी चर्चच्या प्रार्थनेच्या यादीत तिचं नाव घातलं. आमच्याकडे यादीत नाव गेलं की दुसऱ्या दिवशी जेवण घेऊन बायका दारात येतात. दोन दिवसांत मॅब्रींच्या घरी सात कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाची भांडी, पोचली. पाच चिकन-भाताची, दोन कशाची ते अजून कळलेलं नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव.

“किती दिवस दुखणार गं पाठ?” तिच्या नवऱ्याने, होलिसने, तिसरं ताट वाढून घेत विचारलं. “घाई नाही हं, सावकाश बरी हो.”

ट्वायला मात्र झुरत चालली होती. रविवारी ती मुलांना चर्चमध्ये खोटं बोलू नये हे शिकवते. आणि आमचे पाद्री ब्रदर वेन व्यासपीठावरून तिचं नाव घेऊन तिच्या मणक्यासाठी प्रार्थना करत होते! कुणी मलम आणून दिलं, कुणी उशी, कुणी आपल्या मेलेल्या सासूची काठी. ती ‘थँक यू’ म्हणायची आणि मान खाली घालायची. मला वाटायचं, फारच दुखतंय बिचारीला.

इकडे जोसीने आपला वर्ग शिकवून तयार केला. “उजवीकडे दुखतं त्यांना. डावीकडून जायचं, हळूच.” मग पोरं डावीकडून येत, कोपराला गाल टेकवत आणि निघून जात. हळूहळू तेही थांबलं. मिस ट्वायलाला त्रास देऊ नका म्हणून घरोघरी बजावलं होतं ना. बजावणाऱ्यांत मीही होते.

ऑक्टोबरमध्ये जोसी एके सकाळी बसमधून रडतच उतरली. तिचा कुत्रा गाडीखाली गेला होता. धावत जेवणघराशी आली आणि ट्वायलापासून चार पावलांवर थांबली. दोन्ही हात मागे बांधले आणि तिथेच उभी राहून हुंदके देऊ लागली.

“ये ना गं,” ट्वायला म्हणाली.

“नको. तुम्हाला दुखेल.”

ट्वायलाने हात पुढे केले आणि तसेच खाली घेतले. मग तिने ॲप्रनच्या टोकाने जोसीचे डोळे पुसले, हात लांब करून. मला ते बघवेना.

नाश्ता उरकल्यावर ती टिडवेल यांच्या खोलीत गेली. आमच्या भिंती पातळ आहेत, आणि माझे कान कसे आहेत ते मी आधीच कबूल केलंय.

“माझं काढून घ्या,” ती म्हणाली. “मला पिस्तूल नको.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सात कॅसरोल डोळ्यांसमोरून गेली.

“ट्वायला, शेरीफ पंचेचाळीस मिनिटं लांब आहे. तुझ्याइतका नेम इथे कुणाचा आहे, सांग.”

“कुणाचाच नाही. ते मला कळतं. पण ही पोरं माझ्या कमरेएवढी आहेत हो. जिथे ते असतं, तिथेच त्यांचं डोकं येतं.”

“मग कपाटात ठेव, कुलपात.”

“आणि वेळ आली की किल्ली शोधत बसू?” ती म्हणाली. “पोरांसाठीच घेतलं होतं मी ते. आता पोरंच लांब उभी राहतात. दारातून कोणी आलाच, तर मी झारा घेऊन पुढे होईन. पण होईन. एवढं लिहून घ्या.”

आतून कपाट उघडून बंद केल्याचा आवाज आला. मग टिडवेल यांनी नाक शिंकरलं.

रविवारी ब्रदर वेननी विचारलं, कुणाची प्रार्थना फळली का? ट्वायला उभी राहिली. “माझं दुखणं गेलं,” म्हणाली, आणि लालबुंद होऊन खाली बसली. हे मात्र खोटं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात मी. एकट्या होलिसचा चेहरा पडला. घासलेली भांडी त्यालाच घरोघर पोचवायची होती.

सोमवारी बस आली. जोसी दारात थबकली, हळूच हात पुढे करून ट्वायलाच्या उजव्या कमरेवर तळवा ठेवला आणि चाचपलं.

“गेलं?”

“गेलं गं बाई.”

मग ती आदळली. तिच्या मागे सगळा वर्ग आदळला, आणि पीठ उडालं. मी कचेरीच्या दारातून बघत होते, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पण एक गोष्ट मी पाहिली. एकतीस वर्षं पोराला कुशीत घेतलं की ट्वायला डोळे मिटायची. आता मिटत नाही. पोरांच्या डोक्यांवरून ती सारखी बाहेरच्या दाराकडे बघत असते. त्या सोमवारीच मी कचेरीतलं माझं टेबल ओढून तोंड बाहेरच्या दाराकडे करून घेतलं.