शिक्का न मारलेलं पत्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. की इतकी वर्षं ताठ मानेनं चालून मान दुखायला लागली, म्हणून?

आधी एक सांगू द्या. ते काम फार चांगलं होतं. नमनाला घडाभर तेल म्हणाल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन हजार सालानंतरची चारपाच वर्षं मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नमध्ये पीएचडी करत होते. गणितात. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब, भोवती नुसतं जंगल, आणि आमची संस्था योजना आखत होती ती पार उत्तर ध्रुवाजवळच्या किनाऱ्याची! नॉर्वेच्या उत्तर टोकाला जहाजाचं इंजिन बंद पडलं, तर त्याला ओढून न्यायचं कुठे? ऐन वादळात यावर वाद घालत बसलं तर जहाज खडकावर जातं, तेल सांडतं, माणसं जातात. म्हणून सुरक्षित खाड्या आधीच ठरवून ठेवायच्या. खोली किती, तळाशी चिखल आहे की खडक — चिखलात नांगर रुततो, खडकावर घसरतो — वारा कुठून, बर्फ कधी, पक्ष्यांची घरटी किती जवळ. या सगळ्याला एका सूत्रात बसवून खाड्यांना क्रम द्यायचा. ते सूत्र माझं होतं. सगळंच्या सगळं माझं.

प्रोफेसर सहसा कुणाचं कौतुक करायचे नाहीत. "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढा एक शब्द तोंडातून पडला तरी आम्ही दिवसभर खूश. त्यांनी भर बैठकीत माझ्या सूत्राला माझ्या आडनावानं हाक मारली. जर्मन जिभेवर आडनावाचे पार तीनतेरा वाजले, पण वाजले तेही गोड वाटले. त्या शनिवारी हॉस्टेलवरच्या मराठी मंडळींनी क्वार्कचं, म्हणजे तिकडच्या चक्क्याचं, श्रीखंड केलं, माझ्यासाठी. आईनं सोसायटीभर सांगितलं, आमची पोरगी बुडती जहाजं वाचवते. मी तिला दुरुस्त केलं नाही. का करू?

आता त्या पत्राकडे येते.

योजनेचा कच्चा मसुदा आम्ही किनाऱ्यावरच्या जाणत्या लोकांना मत विचारायला पाठवला होता. त्यांची उत्तरं उघडायचं काम माझ्याकडे. तिथे पत्र आलं की पहिल्यांदा त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, मग ते ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाड फाइलमध्ये, लावायचं. शिक्का पडला की कागद जन्माला आला. मग त्याला उत्तर द्यावं लागतं, अहवालात त्याची दखल घ्यावी लागते, कुणीही कधीही काढून विचारू शकतं. आणि शिक्का नसेल तर? — तर तो कागद नाहीच.

अंतिम सादरीकरणाला आठवडा उरला होता. बहुतेक पत्रांत धन्यवाद आणि शुभेच्छा. एक मात्र तीन पानी, हातानं लिहिलेलं, जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये. लिहिणारे हेर, म्हणजे श्रीयुत, हाल्वोर्सेन, निवृत्त पायलट. म्हणजे जहाजांना वाट दाखवत बंदरात आणणारे. बायको जर्मन, म्हणून भाषा येत होती. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या यादीत जी खाडी पहिली आहे, ती आग्नेयेचा वारा असताना नकाशावर शांत दिसते. नेमकी तेव्हाच ती वाईट. थंड वारा मागच्या डोंगरावर साठतो आणि एकदम खाली कोसळतो. मी तिथे दोन नांगर गमावले आहेत. कृपा करून तिथे कुणाला पाठवू नका.

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. कोण हा म्हातारा, आणि माझ्या गणिताला पत्र लिहितो? मग मी दार लावून बसले आणि त्यांचा वारा सूत्रात घालून पाहिला. पहिली खाडी थेट तळाला गेली. तिच्यासारख्या आणखी काही खाली घसरल्या. म्हणजे सूत्रच नव्यानं बांधायचं, सादरीकरण पुढे ढकलायचं, प्रोफेसरांना सांगायचं की ज्याला माझं नाव दिलंत ते चुकलंय.

म्हणजे मला माहीत होतं. नजरचूक नव्हती ती, गडबडही नव्हती. मी पत्राची घडी घातली, शिक्का मारला नाही, आणि ते पिशवीत टाकून घरी नेलं. सादरीकरण उत्तम झालं. टाळ्या अजून आठवतात.

पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? दुसऱ्याच हिवाळ्यात एक मालवाहू जहाज बंद पडलं. वारा आग्नेयेचा. त्याला आमच्या यादीतल्या पहिल्या खाडीत नेलं. नांगर घसरला, जहाज खडकावर गेलं. माणसं हेलिकॉप्टरनं काढली, सगळी वाचली. मात्र नांगराच्या साखळीत सापडून एका खलाशाचा पाय गुडघ्यापासून गेला. तो फिलिपिन्सचा होता. वय तेव्हा माझ्याएवढंच.

प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावलं. "आल्झो, तर मग," ते म्हणाले, "या वाऱ्याबद्दल आपल्याला कुणी काही कळवलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

मग मी सूत्र दुरुस्त केलं. कोसळणाऱ्या वाऱ्याचं पूर्ण प्रकरण लिहिलं. माझ्या प्रबंधातलं तेच सगळ्यात गाजलेलं प्रकरण. आजही कुणी त्याचा उल्लेख केला की छाती फुगते. फुगते, काय करू? त्यात हेर हाल्वोर्सेन यांचं नाव कुठेही नाही.

अपघातानंतर महिनाभरात त्यांचं दुसरं पत्र आलं. अर्ध्या पानाचं. माझं आधीचं पत्र बहुधा टपालात हरवलं असावं, त्यांनी लिहिलं होतं. उत्तर आलं नाही तेव्हाच मी फोन करायला हवा होता. आळस केला. त्या मुलाचा पाय माझ्यामुळे गेला, ते डोक्यातून जात नाही. तुमच्याकडे पत्र पोचलं होतं का, एवढंच कळवा.

मी त्यांना उत्तर लिहिलं. पत्र आम्हाला मिळालेलं नाही, आपण मनाला लावून घेऊ नये. चार ओळी. पुढच्या वर्षी ते वारले, त्यांच्या बायकोनं कार्ड पाठवलं, तेव्हा कळलं. शेवटपर्यंत त्या पायाचं बोलत होते, असं तिनं लिहिलं होतं.

माझ्या त्या चार ओळींत व्याकरणाची एकही चूक नव्हती. पाकीट बंद करताना मला त्याचाही अभिमान वाटला होता.