पहिल्या बोलीला नाही

सोमोएबाईंचा आवाज हा नांगोमे गावाचा सार्वजनिक ठेवा आहे. मकोंडे पठाराच्या कडेवरच्या या गावात वीज लहर लागली की येते, नळाला पाणी जावयासारखं अधूनमधून येतं, पण सोमोएबाईंनी अंगणातून हाक मारली की तिसऱ्या बागेतली बकरीसुद्धा मान वर करते. बाई सहासष्ट वर्षांच्या, अंगाने काडी. एवढा आवाज ठेवतात कुठे, हा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. गावाला पडत नाही, कारण गावाला त्याचा उपयोग ठाऊक आहे.

हा आवाज कारखान्यात कमावलेला. सतराव्या वर्षी बाई तालुक्याच्या गावी सरकारी काजू कारखान्यात लागल्या. तेव्हा देश नवा होता आणि उमेद दांडगी. आपला काजू आपणच फोडायचा, असं ठरलं होतं. ठरलं ते चांगलंच होतं. पण यंत्रं आणली एका देशाची, ती बसवणारे आले दुसऱ्या देशाचे, आणि त्यातला एखादा पट्टा तुटला की पत्र जायचं तिसऱ्याच देशाला. उत्तर येईपर्यंत पावसाळा उलटायचा. यंत्रं चालू असली की घरघर एवढी, की शेजारणीला तंबाखू मागायची तरी बोंब ठोकावी लागे. शिवाय यंत्रातून निघालेला निम्मा काजू तुटका. मग बाया लाकडी ठोकळ्यांवर मुसळीने उरलेला काजू फोडत बसायच्या. त्यात सोमोएचा हात धरणारी कोणी नव्हती. ती शंभर बिया फोडायची त्यातले नव्वद गर अख्खे निघायचे. नऊ वर्षांनी एक पट्टा तुटला, त्याचं उत्तर आलंच नाही, आणि कारखाना बसला तो बसलाच. आता तिथे कच्च्या काजूची पोती रचतात. ती मटवारा बंदरात जातात, तिथून जहाजाने भारतात आणि आणखी कुठे कुठे.

“तिकडच्या बायांचे हात चिकाने काळे होतात आणि आपल्या पोरींचे रिकामे राहतात,” असं बाई म्हणायच्या. “बी आपली, झाड आपलं, पोरी तर उदंड आपल्या! देवाने एवढं दिलं, आणि आपण ते पोत्यात भरून दारात ठेवतो.”

त्यांच्या आवाजाचा खरा उपयोग सुरू झाला तो लिलावामुळे. पंधरा-एक वर्षं झाली, काजू सोसायटीतर्फे लिलावाने विकायची पद्धत आली. हंगामात गाव मोठ्या आंब्याखाली जमतं, सोसायटीचे अध्यक्ष चिपुटा व्यापाऱ्यांच्या बोल्या वाचतात, आणि पसंत की नापसंत ते शेतकरी ओरडून सांगतात. हात वर करणं नाही, चिठ्ठी नाही. गर्जना झाली की झाली, त्या दिवसापुरती ती मागे घेता येत नाही. सोमोएबाईंनी पहिल्याच वर्षी गावाला धडा घालून दिला, की पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, मग ती सोन्याची असो. चिपुटांनी कागद खाली घ्यायचा अवकाश, बाईंचं “नाही!” सुटायचं आणि त्यामागे चारशे गळ्यांचं. व्यापारी दोन दिवस रुसायचे, मग वाढवून बोली लावायचे, आणि गाव “हो!” म्हणायचं. बहुतेक वेळा. दोनदा व्यापारी परत आलेच नाहीत आणि पोती भिजली, पण त्या गोष्टी गावात कोणी काढत नाही.

या बाईंच्या घरात त्यांना न जुमानणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे त्यांची नात तुनू. वय बावीस, शाळा पुरी झालेली, इंग्रजी येतं, हिशेब येतो, आणि काम काय, तर आजीने भाजलेले काजू कागदाच्या पुड्यांत भरून बसथांब्यावर विकणं.

“आजी, तुला ‘नाही’ सोडून दुसरा शब्द येतो का गं?”

“येतो की. ‘मुळीच नाही.’”

“लग्नाला मागणी आली होती तेव्हा काय म्हणालीस आजोबांना?”

“दोनदा परत पाठवला होता त्यांना. तिसऱ्या वेळी नवीन सायकल घेऊन आले, मग बघितलं.”

असं हसत-खेळत चाललेलं असताना तुनूने एक दिवस सांगून टाकलं, की ती दार-एस-सलामला, मोठ्या शहरात कामाला जाणार. एका ओळखीच्या घरी दोन मुलं सांभाळायची आणि खाऊनपिऊन पगार. गावातल्या तिच्या वयाच्या निम्म्या पोरी आधीच गेल्या होत्या. सोमोएबाई भाजीसाठी कसाव्याचा पाला कुटत होत्या. त्या कुटतच राहिल्या. तुनूने जाऊ नये असं त्यांना पोटातून वाटत होतं, घशापर्यंत येत होतं. पण बाईंनी जन्मात कुणाची विनवणी केली नव्हती. शिवाय थांब म्हणायचं, तर कशासाठी थांब? पुड्या वळायला?

त्याच आठवड्यात राजधानीहून नियोजन खात्याचा एक तरुण साहेब आला. त्याने आंब्याखाली कापडी तक्ता लावला आणि पुढच्या पन्नास वर्षांत देश कसा असेल ते सांगितलं. या खंडातली निम्मी माणसं अजून विशीचीही नाहीत, जमिनीच्या पोटात काय नाही ते विचारा, तेव्हा कच्चा माल विकणं थांबवून तो इथेच पक्का केला पाहिजे, वगैरे. साहेब गोड बोलत होता आणि खोटंही बोलत नव्हता.

सोमोएबाई उठल्या. “बाळा, पन्नास वर्षांनी मी एकशे सोळाची होईन. तेव्हाचं तेव्हा बघू. येत्या मंगळवारी काय करायचं ते सांग.”

लोक हसले. साहेबही हसला, पण मग जरा विचार करून म्हणाला, “मंगळवारचं माझ्या तक्त्यात नाही, आजी. तुमच्याकडे एखादं रिकामं छप्पर आहे का?”

छप्पर होतं. सोसायटीचं जुनं गोदाम. ते वाक्य बाईंच्या डोक्यात घुसलं ते निघेना. रात्रभर कूस बदलून सकाळी त्या अध्यक्षांच्या दारात उभ्या.

“चिपुटा, गोदाम मला दे. तीस पोरी बसवते, ठोकळा-मुसळी देते, काजू फोडायला शिकवते. यंत्र नको, पट्टा नको, पत्र नको. आपल्या गावचा काजू आपल्या गावात सोलून विकू. आणि लिहायला-वाचायला आमची तुनू आहे.”

“आणि ती दार-एस-सलामला जातेय ती?”

“जातेय ना. अजून गेली नाही.”

चिपुटांनी डोकं खाजवलं. सोमोएला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. पण अडचण होती. एका व्यापाऱ्याचा दलाल, सुवेदी नावाचा, तेच गोदाम मागत होता. कच्चा माल साठवायला, दहा वर्षांसाठी. त्याच्या बदल्यात छपराला नवे पत्रे आणि गावाला एक ट्रॅक्टर.

“गावच ठरवेल,” चिपुटा म्हणाले. “मंगळवारी, आंब्याखाली, लिलावासारखंच.”

मग सोमोएबाई घरोघर फिरल्या. सहा दिवस. जिने कधी काही मागितलं नाही ती दारात उभी राहून “आम्हाला हो म्हणा” म्हणते, हे बघायलाच लोक बाहेर येत. विनवणी त्यांना येत नव्हती, म्हणून त्या वाद घालत. कारखाना बुडाला होता ना, असं कुणी म्हटलं की त्या कारखान्याची सगळी कुळकथा मोठ्या आवाजात सांगत. ट्रॅक्टर येतोय की, असं कुणी म्हटलं, तर गेल्या हंगामात घेतलेल्या आणि पावसाळ्यात विकून टाकलेल्या मोटारसायकलींची नावनिशीवार यादी ऐकवत. हळूहळू लोक वळले. सोमवारी संध्याकाळी बाईंनी बोटांवर मोजलं. गाव त्यांच्या बाजूचं होतं.

मात्र घसा गेला होता. अगदी गेला होता. मंगळवारी सकाळी त्यांनी तुनूला हाक मारली तर भात्यातून वारा जावा तसा नुसता आवाज निघाला.

“बरंच झालं,” तुनू म्हणाली, पण तिने आल्याचा काढा करून दिला. तिची पिशवी बांधून दाराशी ठेवलेली होती. दुपारची मटवाराची बस, मग उद्या सकाळी पुढे. बस आंब्यापाशीच थांबते, म्हणून तीही आजीबरोबर निघाली आणि मागे, बायकांच्या पलीकडे उभी राहिली.

चिपुटांनी विचारलं, “कुणाची मागणी आधी ठेवू?”

सुवेदी हसून म्हणाला, “आजींचीच ठेवा. मोठ्यांचा मान.”

सोमोएबाईंनी स्वतःच छातीवर हात आपटून खूण केली, की आधी माझीच. मानाच्या बाबतीत त्या मागे राहणाऱ्या नव्हत्या. चिपुटांनी कागद वाचला. गोदाम, तीस बायका, काजू फोडणं, सोलणं. मग त्यांनी कागद खाली घेतला.

“नाही!” गाव गरजलं.

चारशे गळे, एका दमात. आंब्यावरचे कावळे उडाले. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. ज्यांनी काल संध्याकाळी शपथ घेतली होती तेही ओरडले होते, गोदामात बसायला निघालेल्या पोरी ओरडल्या होत्या. सोमोएबाईंची सख्खी वहिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. पंधरा वर्षांची सवय. कागद खाली आला की तोंड आपोआप उघडतं.

“अहो, असं नव्हतं म्हणायचं,” कुणीतरी पुटपुटलं.

“गर्जना झाली,” चिपुटा म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं होतं. “मागे घेता येत नाही. नियम तुमचाच आहे.”

आणि पहिल्या बोलीला नाही, हा धडा कुणाचा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. सोमोएबाई तिथल्या आडव्या खोडावर बसल्या. आपणच शिकवलेलं आपल्याच अंगावर आलं, आणि वर आधी वाचायचा हट्टही आपलाच. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीसाठी घसा नव्हता.

चिपुटांनी दुसरा कागद उचलला. नवे पत्रे, ट्रॅक्टर, दहा वर्षं. पहिल्या बोलीला नाही, दुसरीला हो. गाव आता सवयीनेच हो म्हणणार होतं. बाई उठल्या, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. कागद खाली यायला लागला.

“नाही!”

सगळ्यांनी सोमोएबाईंकडे पाहिलं. तीच धार, तोच खणखणाट. पण बाईंचं तोंड तर आ वासलेलं, मुकं. आवाज मागून आला होता. तुनू पिशवी धरून उभी होती आणि आपल्याच तोंडून काय निघालं म्हणून दचकली होती. तोवर गाव तिच्यामागून “नाही!” म्हणून मोकळं झालं होतं. या आवाजामागे जायचीही सवयच होती.

सुवेदीचं हसू मावळलं. “दोन्हीला नाही? मग तुम्हाला पाहिजे तरी काय?”

सोमोएबाईंनी नातीला खुणेने जवळ बोलावलं आणि तिच्या कानात कुजबुजल्या. तुनूने मान हलवली, ऐकलं, पुन्हा मान हलवली. मग मोठ्याने म्हणाली, “आजी म्हणते, नवी बोली. गोदाम दहा वर्षांना नको, एका हंगामाला द्या. छपराला झावळ्या आम्हीच घालू. हंगामाच्या शेवटी निम्म्याहून जास्त गर तुटके निघाले तर किल्ली ती स्वतः सुवेदीभाऊंच्या हातात देईल.” आणि मग, स्वतःचंच म्हणून, “मला वाटतं, हे ठीक आहे. फसलो तर एकच हंगाम फसू.”

चिपुटांनी कागद नव्हता म्हणून हातच वर केला आणि खाली घेतला.

“हो!” गाव म्हणालं. थोडं बिचकत म्हणालं, पण म्हणालं.

चिपुटांनी वही काढली. “किल्ली कुणाच्या नावावर लिहू? सोमोएला तर आज नावही सांगता येत नाही.”

बाईंनी तुनूकडे बोट केलं. तेवढ्यात वळणावर बसचा भोंगा वाजला. बस आली, धुरळा उडवत थांबली, आणि क्लीनरने तुनूच्या हातातली पिशवी घेऊन टपावर टाकलीसुद्धा. तुनू एक पाय पायरीवर ठेवून वळली. सोमोएबाई तिच्यामागे आल्या होत्या.

“थांब,” त्या म्हणाल्या. शब्द कसाबसा निघाला.

तुनूने आजीकडे पाहिलं. तिच्या ओठांचा कोपरा हलला. “पहिल्या बोलीला हो म्हणायचं नसतं, आजी. तूच शिकवलंस.”

ड्रायव्हरने भोंगा दिला. गाव बघत होतं. सोमोएबाईंनी आयुष्यात कुणाकडे एक गोष्ट दोनदा मागितली नव्हती. त्यांनी बसच्या दांडीला धरलं.

“थांब ना गं,” त्या म्हणाल्या. “मला तुझ्यावाचून करमणार नाही.”

तुनू पायरीवरून उतरली आणि टपाकडे तोंड करून, आजीच्याच आवाजात, क्लीनरला म्हणाली, “ए दादा, पिशवी खाली दे!”