दगडी चेहऱ्याचं कौतुक

"जरा हसून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

मी हसलो. ते माझ्याकडे बघत राहिले.

"हसा ना, सर."

"हसलो की!"

शेजारच्या खुर्चीवर माझी बायको शैला बसली होती. तिने मान खाली घातली. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं, पण मला खरं कळलं ते तिच्या मानेवरून.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजमधल्या त्या केबिनमध्ये डॉक्टरांनी माझी बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, दारापर्यंत चालवलं. चालताना उजवा हात हलत नव्हता. "पार्किन्सन्स," ते म्हणाले. मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. ते कमी पडलं की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. चेहऱ्याचेही. त्याला 'मास्क्ड फेस' म्हणतात. आत सगळं जिथल्या तिथे असतं, चेहऱ्यावर मात्र काही उमटत नाही.

इथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, "आपकी वो सीरीज़ देखी थी, सर. ठाकूरवाली. काय ठहराव होता! आता वाटतं, तेव्हाही हेच सुरू असणार."

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. चेहऱ्यावर अर्थातच काही दिसलं नसणार.

मी चाळीस वर्षं सिनेमा-टीव्हीत काम केलं, मग इथे परतलो. सुरुवात इथलीच, ग्वाल्हेरच्या गणेशोत्सवातली मराठी नाटकं. मग मुंबई. हवालदार, मुनीम, मुलीचा बाप, मंत्र्याचा पीए, वकील, पुन्हा मुलीचा बाप. पोस्टरवर माझं नाव कधी आलं नाही. लोक चेहऱ्यावरून ओळखायचे आणि नाव विचारायचे. त्यात मला कमीपणा वाटला नाही, कारण दोन वाक्यांच्या भूमिकेत मी भुवई अशी उचलायचो की दिग्दर्शक कॅमेरा जवळ आणायचा. ती भुवई माझी कमाई होती.

साठी उलटल्यावर तो ठाकूर मिळाला. थंड, पापणीही न हलवणारा खुनी. समीक्षकांनी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. 'संयत', 'दगडासारखा स्थिर', वगैरे. आयुष्यभर जे कमावलं त्याचं कौतुक झालं नाही आणि झालं ते आजाराचं! हे ज्याला सोसता येईल तो संत. मी संत नाही.

तुमच्या घरात कुणाला असं होत असेल तर आमच्यासारखं उशिरा जागे होऊ नका. मला आधी वास यायचा बंद झाला. शैला म्हणायची, "फोडणी जळली, तुम्हाला कळत कसं नाही?" मग अक्षर बारीक झालं. आवाज खाली गेला. ध्वनिमुद्रण करणारा पोरगा सारखा "लाउडर, दादा" म्हणायचा आणि मी त्याच्या यंत्राला शिव्या घालायचो. शर्टाची बटणं लागेनात. शैला रोज एकच प्रश्न विचारायची, "अहो, आज कशावरून नाराज आहात?" मी नाराज नसायचो. तिने चारदा विचारल्यावर मात्र व्हायचो.

एमआरआय झाला. तो पार्किन्सन्स दाखवत नाही, दुसरं काही नाही ना एवढंच पाहतो, हे मला पैसे भरल्यावर कळलं. वेटिंग रूममध्ये एकाने ओळखलं. "अरे, आप तो वो वकील साहब!" त्याने बायकोला बोलावलं, मोबाईल काढला आणि म्हणाला, "सर, थोडा स्माइल." मी तसाच उभा. जाताना तो बायकोला म्हणाला, "घमंड देखो." त्याच्या मोबाईलमध्ये मी अजून घमेंडखोर उभा असेन.

औषध सुरू झालं, लेव्होडोपा. शरीर त्यापासून डोपामीन बनवतं. पहिले काही दिवस मळमळ इतकी की दर्पण कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिटी झाली तरी पोटात ढवळायचं. गोळी आणि डाळ-पनीरसारखी प्रथिनं एका वेळी चालत नाहीत, मध्ये अंतर लागतं. हे डॉक्टरांना विचारून घ्या, ते आपणहून सांगायला विसरतात. हळूहळू पाय सुटले, बटणं लागू लागली. चेहरा जिथल्या तिथेच राहिला.

मी सीरीजच्या दिग्दर्शकाला फोन करून खरं सांगितलं. त्याने फार हळहळ व्यक्त केली. "दादा, तुम्ही आराम करा." दुसऱ्या भागात ठाकूरचं काम दुसऱ्याला दिलं. ज्याला दिलं त्याने मला फोन केला. चांगला नट आहे, आदराने बोलत होता.

"दादा, तुमचा ठहराव कसा आणू? काही टेक्निक?"

"आहे ना," मी म्हणालो, "डोपामीन कमी कर."

तो हसला. पुढे म्हणाला, "बरोबर आहे दादा, एनर्जी खाली आणतो." मी फोन ठेवला.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचा भाऊ गेला. अनंता. पाटणकर बाजारात त्याचं कपड्यांचं दुकान होतं. माझ्या पहिल्या नाटकात तो माझ्या मागे भालदार म्हणून उभा होता. मुंबईला निघालो तेव्हा स्टेशनवर तोच आला होता, माझ्या बापाने यायचं नाकारलं म्हणून. त्याच्या मुलीच्या लग्नात मी सूट घालून वाढपी झालो होतो.

मी त्याच्या अंगणात खुर्चीवर बसलो होतो. माझ्या आत काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. बाहेर ठाकूर बसला होता. मागून कुणीतरी बाई म्हणाली, "सिनेमात धाय मोकलून रडतात, इथे एक आसू नाही."

घरी आल्यावर शैलाने चपला काढल्या नाहीत. दारातच उभी राहिली.

"माझ्या भावासाठी एवढंही नाही?"

"शैला, तुला माहीत आहे. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं ना."

"माहीत आहे हो. पण मी काय माहितीला मिठी मारू? इतकी वर्षं मी तुमचा चेहरा बघून जगले. तुम्ही कधी तोंडाने काही बोललाच नाहीत. आता चेहरा नाही. मला कळणार कसं?"

मी चिडलो. आजार मला झालाय आणि तक्रार ही करतेय! ओठांवर आलं होतं. पण ती अजून चपला घालून दारातच होती आणि तिला पाण्याचा ग्लास द्यायला मला स्वयंपाकघरात जाऊन यायला केवढा वेळ लागणार, हेही दिसत होतं. म्हणून नुसतं म्हणालो, "अनंता गेला. माझा एकच मित्र होता गं."

आवाज इतका खाली की तिला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलो. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. शैला रडायला लागली आणि मग तिने चपला काढल्या.

आता एक स्पीच थेरपिस्ट येते. स्पीच थेरपी म्हणजे बोलण्याचा आणि आवाजाचा व्यायाम. ती मला आरशासमोर गाल फुगवायला लावते, 'आ' म्हणून ओरडायला लावते. "काका, और ज़ोर से, शेजारी यायला पाहिजेत!" शेजारी येतातच. चेहरा थोडा सैल झालाय म्हणते. मला दिसत नाही. आजार जाणारा नाही, हळूहळू वाढणारा आहे, हे मला कळतं. 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणाऱ्यांना मी घरात घेत नाही.

घरात ज्यांना हा आजार आहे त्यांच्या माणसांना एक सांगतो. चेहरा वाचू नका, विचारा. आणि आजाऱ्यांनो, विचारल्यावर 'काही नाही' म्हणू नका. मला हे फार जड गेलं. आयुष्यभर मला वाक्यं दुसऱ्याने लिहून दिली, उरलेलं मी भुवईवर भागवलं. स्वतःच्या मनातलं स्वतःच्या शब्दांत आणि तेही खणखणीत बोलायचं, हे काम मला या वयात मिळालं. शैलामुळे मिळालं. तिचे उपकार आहेत, आणि हे तिला मी अजून मोठ्याने सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

रोज संध्याकाळी चहाला ती विचारते. कालही विचारलं.

"आज आत काय?"

"राग."

"कुणावर?"

"सगळ्यांवर."

"माझ्यावर पण?"

मी विचार केला. "सकाळच्या पोह्यांपुरता. मीठ नव्हतं."

"मग तेव्हाच नाही का बोलायचं?" ती म्हणाली आणि बिस्किटांचा डबा माझ्या हाताला लागेल असा सरकवला.