ड्रॉवरमध्ये नाक घालून सांगा

माणसाला धक्का द्यायचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, तेवढे सगळे आमच्या दाजींनी माझ्यावर करून झालेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. चाकणला गाड्यांचे बंपर रंगवणाऱ्या एका कंपनीत ते रंग तपासायचं काम करतात, आणि तपासणी काही शिफ्ट संपली म्हणून थांबत नाही. माझ्या लग्नात वरात दारात आली, सगळी माणसं नवरदेवाकडे बघत होती आणि दाजी सजवलेल्या गाडीपाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, दाराच्या पत्र्यावरून नजर फिरवत होते. उठले आणि माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "रंग खडबडीत बसलाय, संत्र्याची साल आलीय. नवरा चांगला आहे, गाडी तेवढी परत पाठवा." सासऱ्यांनी ते अजून मनात धरलंय. दाजींच्या घरी पोळीसुद्धा ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहिली जाते, आणि मग आमटीत बुडते.

पण ते ताईच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात असं कुणी समजू नये. उलट, उंबरा ओलांडला की चप्पल काढायच्या आधी "वा, काय खमंग वास सुटलाय" हे ठरलेलं. ताईलाही हल्ली काही वर्षांत एक खोड लागली आहे. ती आतून ओरडून सांगते, "लसूण टाकला हो!" "मेथी टाकली हो फोडणीला!" की बाहेरून लगेच, "वा!" मी एकदा वैतागून म्हटलं, ताई, तू स्वयंपाक करतेस की स्टेशनवर घोषणा? तर म्हणाली, "तुला काय करायचंय? चटणी वाट."

तर या माणसाने ठरवलं की मोशीच्या फ्लॅटमध्ये ओट्याखालचे ड्रॉवर स्वतःच्या हाताने करायचे. लाकूड कुठलं, तर बाहेरच्या देशातून कंपन्यांमध्ये मशीन येतात त्या पेट्यांचं. भंगारवाल्यांकडे त्या पाइनच्या फळ्यांचे ढीग पडलेले असतात. रविवारी दाजी करवतीला जुंपलेले. एका ड्रॉवरच्या तोंडावर पेटीवर 'नाजूक माल' म्हणून छापलेलं काचेच्या पेल्याचं चित्र तसंच राहिलं, तेही उलटं. मी ते दाखवल्यावर म्हणाले, "त्यात कप ठेवायचे, म्हणजे शोधायला नको." ड्रॉवर मात्र बोटाने ढकलले तरी सरकत होते, खोटं कशाला बोलू.

खरा घोळ पॉलिशने घातला. दुकानदाराने दिलेलं मेलामाइनचं पॉलिश दाजींनी आतून-बाहेरून मारलं, आणि ताईला दम्याचा असा ॲटॅक आला की तोंडाला पंप लावूनच तिला तळेगावला माझ्याकडे आणावं लागलं. वास गेल्याशिवाय त्या घरात पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दाजींनी सगळं पॉलिश घासून काढलं. मग कुणीतरी सांगितलं, अळशीचं तेल लावा, निसर्गाचं आहे, बाधत नाही. ते लावलं. अळशीचं तेल उघड्यावर बरं असतं. बंद ड्रॉवरमध्ये ते खवट होऊन बसलं, आणि घरात शिरलं की शिळ्या भज्यांच्या कढईत उतरल्यासारखं वाटायचं. ताई माझ्याकडे बसून रोज विचारायची, "गेला का गं वास?" तिला माझ्या घरात झोप लागत नव्हती. परक्या ओट्यावर तिचा हात चालत नव्हता.

आणि दाजींनी काय चालवलं होतं? जो येईल त्याला ड्रॉवरमध्ये नाक घालायला लावायचं. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला लावलं. सोसायटीचे चेअरमन देखभालीची पावती द्यायला आले, त्यांना गुडघे टेकायला लावले. मी गेले की चहा राहिला बाजूला, आधी "मेव्हणीबाई, जरा नाक घाला आणि सांगा." शेवटी मी चिडले. म्हटलं, "दाजी, तुमचं नाक काय भाड्याने दिलंय?" ते हसले. "आपण केलेलं काम आपणच पास करायचं नसतं. कंपनीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात." मला वाटलं, या माणसाची कंपनी स्वयंपाकघरापर्यंत आली, आता देवघरात शिरेल.

मग ती दुपार. लिफ्टमधून बाहेर पडले तोच चिंधी जळल्याचा वास आला. दार उघडंच होतं. दाजी स्वयंपाकघरात फरशीवर बसून ड्रॉवरला पॉलिश पेपर मारत होते. मी विचारलं, "दाजी, काय जळतंय?" त्यांनी मान वर केली आणि अगदी सहज म्हणाले, "हो, मघापासून येतोय. शेजारी भाजी लागली असेल."

त्यांच्या पाठीमागे गॅलरीत धूर निघत होता. अळशीचं तेल पुसलेल्या चिंध्या त्यांनी बादलीत कोंबून उन्हात ठेवल्या होत्या आणि त्या आतल्या आत तापून आपोआप पेटल्या होत्या. बादलीचा काठ वितळून खाली आला होता. पिंपातलं पाणी आम्ही दोघांनी तांब्या तांब्याने ओतलं. विझल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. एवढा वास, हाताच्या अंतरावर, आणि हा माणूस शेजारच्या भाजीचं सांगत होता.

"दाजी, तुम्हाला वास येत नाही," मी म्हटलं.

ते ओल्या गॅलरीत तसेच टेकले. "करोनात गेला," म्हणाले. "सगळ्यांचा परत आला. माझा आज येईल, उद्या येईल म्हणत राहिलो."

"आणि ताईला सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? ती एवढं वाटून-घाटून करते. तिला वाटेल हा आता नुसतं पोट भरतो." मग बादलीकडे बघत म्हणाले, "ती घरात असती तर तिचा जीव गेला असता ओ. मी इथं बसून पेपर मारत राहिलो असतो." हातातला तांब्या त्यांना खाली ठेवता येईना. आयुष्यभर या माणसावर मी हसत आले होते. मी कुणाला सांगणार नाही, एवढं वचन दिलं.

त्यानंतर मात्र त्यांच्या नाकाचं काम मी घेतलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा आम्ही शोधून काढला. दाजींनी पातळ पातळ हात मारले, प्रत्येक हातानंतर नजर तिरकी करून पाहिलं, आणि मी तळेगावहून स्कूटरवर येऊन नाक घालत राहिले. स्पिरिट उडून गेलं. एके दिवशी ड्रॉवरमध्ये नुसतं लाकूड राहिलं. मी "पास" म्हटलं. दाजींनी ते दोनदा म्हणायला लावलं.

ताईला मीच घरी घेऊन गेले. ती दारात थांबली, भीत भीत श्वास घेतला, मग आणखी एक मोठा घेतला. खोकला आला नाही. दाजी हॉलमध्ये पेपर धरून बसले होते, तो उलटा होता. ताई आत गेली, पेल्याचं चित्र असलेला ड्रॉवर ओढला, त्यावरून हात फिरवला, आणि टोपलीतला एक कांदा उचलून ओरडली, "कांदा टाकला हो तेलात!"

बाहेरून लगेच आवाज आला, "वा! इथपर्यंत आला बघ वास."

मी ओट्याकडे बघितलं. कढई फळीवरच होती. गॅस पेटलेला नव्हता. कांदा ताईच्या हातात, सालासकट.

ताई माझ्याकडे न बघता सुरी शोधत होती. "दूध करपून भांडं काळं झालं होतं एकदा," ती हळूच म्हणाली, "आणि हे शेजारी उभे राहून मला विचारत होते, बासुंदी का आज? तेव्हाच कळलं. म्हणून सांगत असते, काय टाकलं ते. त्यांना बोलू नकोस हं."

मी तिलाही वचन दिलं. आता त्या घरी जेवायला बसले की ती आतून सांगते, ते बाहेरून वा म्हणतात, आणि मी पहिला घास उचलते, तो तोंडाशी नेऊन जरा थांबते, आणि वास घेते.